पार्सलवरचं नाव

सातपूर, नाशिक
९ जानेवारी २०२४

दत्तू,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून आज पोस्टातून पाकीट घेऊन आलो. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "काका, स्पीड पोस्ट करा, उद्या पोचेल." म्हटलं, साधंच द्या. उद्या पोचण्यासारखं यात काही नाही.

आठ दिवसांत बावीस वेळा फोन लावला. शेवटी आपल्या कारखान्यातला, ड्रिलिंगवरचा वाल्मीक बस स्टॉपवर भेटला. त्याची बहीण देवळ्यात दिलेली, त्यामुळे तुमच्याकडची खबर त्याला माझ्याआधी. म्हणाला, "दत्तूच्या दारात जीप आली होती. साहेब लोक दोन तास बसले. कसल्या पार्सलचं विचारत होते."

मला आधी हसूच आलं. तू आणि पार्सल! तुला हयातीचा दाखला मोबाईलवरून भरता येत नाही. नोव्हेंबरात मीच भरला ना? तुझाच काय, आपल्या शॉपमधून रिटायर झालेल्या अकरा जणांचे दाखले दर वर्षी मी भरतो. बँकेतला साहेब म्हणतो, चंदरशेठ, तुम्ही इथेच खुर्ची टाका. चौसष्टावं चालू आहे, पण मोबाईल माझ्यापुढे मान वर करत नाही. लेथ शिकलो तसाच शिकलो, बघून आणि चुकून.

काहीतरी नावाची गडबड असणार. दत्तात्रय आहेर तुमच्या तालुक्यात पन्नास निघतील. कोणी विचारलं तर सांग, मला काही माहीत नाही. घाबरू नकोस.

वत्सलाची पाठ ठीक आहे. नागीण होऊन दोन वर्षं होत आली, फोड कधीच गेले, आग तेवढी राहिली. गोळ्या मी घरपोच मागवतो, त्याने बरं आहे. त्याबद्दल पुढे कधीतरी.

तुझ्या निकिताच्या मेडिकलचं कुठवर आलं? तुमच्या गावात फार्मसी शिकून स्वतःचं दुकान टाकणारी पहिलीच पोर. कुसावहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
चंदर


सातपूर
२२ जानेवारी २०२४

दत्तू,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. 'पार्सलवर माझं नाव आणि माझं आधार कसं गेलं तेवढं लिही. बाकी काही लिहू नकोस.'

नाव मी घातलं.

हे तीन शब्द लिहायला मला चार दिवस लागले. आता बाकीचंही लिहितो. तुला नको असेल तर इथेच ठेवून दे.

वत्सलाची आग तू पाहिलेली नाहीस. पाठीला पदर लागला तरी कळवळायची. डॉक्टरांनी एक गोळी दिली, तिने गुण आला. पण ते मोजून लिहून द्यायचे, आणि दर महिन्याला, "काकूंना घेऊन या, बघतो, मग पुढची चिठ्ठी." एकदा डॉक्टर गावाला गेले आणि गोळ्या संपल्या. मी जुनी चिठ्ठी घेऊन मेडिकलवर गेलो. तो पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, "काका, ही गोळी आता नशेच्या औषधांच्या यादीत आहे. जुन्या चिठ्ठीवर दिली तर माझं लायसन जाईल." मी हात जोडले, दत्तू. चार गिऱ्हाइकांसमोर. तरी त्याने दिली नाही.

तू मला ओळखतोस. छत्तीस वर्षांत मी सुपरवायझरपुढे हात जोडले नाहीत. त्या दिवशी ठरवलं, परत ह्या दारात उभं राहायचं नाही.

मोबाईलवर शोधलं तर एक वेबसाईट सापडली. हिरवा क्रॉस, पांढऱ्या कोटातल्या बाईचा हसरा फोटो. खाली लिहिलेलं, 'चिठ्ठी नाही? काळजी नको.' दोन मिनिटांत त्यांनीच कुठल्या डॉक्टरच्या सहीची चिठ्ठी बनवली. त्या डॉक्टरने वत्सलाला पाहिलं नाही, आवाजही ऐकला नाही. नाव लिहिलं 'वात्सल्या'. मला तिथेच कळायला हवं होतं. उलट मी छाती पुढे काढली, की बघा, घरी बसून काम केलं.

दोन पार्सलं आली. वर परदेशाचे शिक्के, मला वाटलं माल उंची आहे. तिसऱ्या वेळी साईट म्हणाली, या नावावर आता सहा महिने काही मिळणार नाही, दुसऱ्या माणसाचं आधार टाका. माझ्या मोबाईलमध्ये तुझ्या आधारचा फोटो होता, हयातीच्या दाखल्यासाठी तूच पाठवलेला. मी तो टाकला. पत्ता त्यावरूनच आपोआप भरला गेला. तो बदलायचा राहिला. पार्सल मुंबईत कस्टमवाल्यांनी धरलं. मला साईटवर नुसतं 'उशीर' दिसत होतं, आणि जीप तुझ्या दारात आली.

'नावाची गडबड' लिहिलं ते खोटं होतं. लिहितानाच मला माहीत होतं.

मनात एवढंच होतं, की आपल्यात तुझं-माझं कधी नव्हतं. एका खोलीत राहिलो, मला 'चंदू' म्हणणारा तू एकटाच. सायकल एकच, तू पहिल्या शिफ्टला न्यायचास, मी दुसऱ्या. तुझं नाव टाकताना मला ती सायकल घेतल्यासारखं वाटलं. हे मी समर्थन म्हणून लिहीत नाही. असं वाटलं, एवढंच.

कॉलनीतल्या सृष्टी मॅडम वकील आहेत. त्यांच्याकडे जाऊन आलो. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, "काका, पार्सलवर तुमचा नंबर आहे?"

"नाही. साईटवाल्यांनी स्वतःचाच कुठला टाकलाय."

"मग आत्ता तुमच्याकडे कोणी आलेलं नाही. आणि तुम्ही गेलात, तर परवानगीशिवाय असली औषधं परदेशातून मागवणं एक, खोटी चिठ्ठी दोन, दुसऱ्याचं आधार वापरणं तीन. कुठली कुठली कलमं लागतील ते मी आज सांगू शकत नाही. माझं काम तुम्हाला धोका सांगायचं. पुढचं तुम्ही ठरवायचं."

मला थोडे दिवस दे, दत्तू.

चंदर


सातपूर
६ फेब्रुवारी २०२४

दत्तू,

काल त्या जीपवाल्या पोलीस साहेबांकडे जाऊन सांगून आलो. पार्सल माझं होतं, दत्तात्रय आहेर यांना काही माहीत नव्हतं. लेखी दिलं, प्रत्येक पानावर सही केली. आता कसं झालं ते लिहितो.

तुझं कार्ड मी देव्हाऱ्याच्या मागे ठेवलं होतं. वत्सलाला धूळ पुसताना मिळालं. त्याच दिवशी वाल्मीकच्या बायकोने तिला भाजीबाजारात सांगितलं, की निकिताच्या परवान्याचा अर्ज थांबलाय. बापाच्या नावावर तीनशे नशेच्या गोळ्या आणि पोरगी मेडिकल टाकतेय, कोणीही दोन आणि दोन चारच करणार. तुमच्या गावात तर म्हणे बोलायलाही लागले, दत्तू दुकानासाठीच माल भरत होता.

घरी आलो तर ती कार्ड हातात धरून बसलेली.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. पहिल्यांदा सगळं, एका दमात. शेवटी म्हणाली, "तुम्ही चारचौघांत हात जोडलेत त्याची तुम्हाला लाज वाटली. दत्तूभाऊ गावासमोर उभे राहिले त्याचं काय?"

मी म्हटलं, "तुझ्यासाठीच केलं ना."

"माझ्यासाठी केलंत तर मला विचारायचं होतं. मी म्हटलं असतं, आग सोसते."

मग उठली. उरलेल्या गोळ्यांची पाकिटं कपाटातून काढली, रुमालात बांधली आणि माझ्या हातात दिली. "ह्या पण घेऊन जा. आणि मी येते. नाहीतर तुम्ही दारातून माघारी याल."

तिने मला बरोबर ओळखलं. मी ठरवलं होतं असं म्हणायला मला आवडेल, पण तुझ्याकडे खोटं एकदा लिहून झालंय.

सृष्टी मॅडम बरोबर आल्या. साहेब तरुण, कामातला माणूस, आवाज चढवला नाही. म्हणाले, "काका, तुम्ही काय सांगताय ते कळतंय ना? आम्ही अजून तुमच्यापर्यंत आलोही नव्हतो."

"कळतंय साहेब."

"मग का आलात?"

मी खुर्चीतून उठलो. बसून बोलवेना. म्हटलं, "साहेब, छत्तीस वर्षं माझ्या हातचा माल माझ्या नावाने गेला. खराब निघाला तरी माझ्याच नावाने परत आला. हाही माझाच आहे. दुसऱ्याच्या नावावर गेला, ते चुकलंय."

ते लिहून घेत होते. मग मान वर केली. "बायकोसाठी म्हणता. एका बाईला तीनशे गोळ्या?"

इथे मला बाकीचंही सांगावं लागलं, दत्तू. हे मी तुलाही लिहिलं नव्हतं. त्यातल्या निम्म्या वत्सलाच्या. बाकीच्या मी लोकांसाठी मागवल्या होत्या. कोणाचा गुडघा, कोणाची कंबर. "चंदरशेठ, तुमच्या साईटवरून आमच्यापण मागवा ना." मला बरं वाटायचं असं कोणी म्हटलं की. एक पैसा वर घेतला नाही, पण साहेब म्हणाले, "पैसे घ्या न घ्या, मागवून वाटल्या म्हणजे पुरवल्याच. नावं सांगा."

मी म्हटलं, "मागवल्या मी. जे व्हायचं ते मला होऊ द्या."

तेवढ्यात दारात खोकल्याचा आवाज. वाल्मीक. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. वत्सला बाहेर बाकावर बसलेली, तिच्याकडून कळलं असेल नाहीतर सकाळी आम्हाला बसमध्ये चढताना पाहिलं असेल. टोपी हातात घेऊन म्हणाला, "साहेब, त्यातल्या शंभर माझ्या हायेत. कमरेसाठी. लिहून घ्या, वाल्मीक त्र्यंबक, ड्रिलिंग."

साहेब म्हणाले, "ड्रिलिंग काय?"

"खातं साहेब. आमचं खातं."

साहेबांना हसू आवरलं नाही. मलाही आवरलं नसतं, पण डोळे भरले होते.

वत्सला चार तास त्या बाकावर होती. गोळी घेतलेली नव्हती. बाहेर आलो तर चेहरा पांढरा, घाम सुटलेला, तरी पाठ ताठ. म्हणाली, "झालं?" म्हटलं, "झालं." म्हणाली, "चला मग, चहा घेऊ."

बँकेचा उतारा दिलाय, माझा मोबाईल त्यांनी ठेवून घेतलाय. साहेब म्हणाले, तुला एकदा जबाबाला बोलावतील. तेवढा त्रास तुला अजून आहे. तो मी दिलाय.

चंदर


सातपूर
२० जून २०२४

दत्तू,

तुझं उत्तर नाही. मी मागितलंही नव्हतं. पण काही गोष्टी तुला माझ्याकडूनच कळाव्यात.

माझ्यावर गुन्हा दाखल झाला. जामीन मिळाला. दर सोमवारी सकाळी चौकीत हजेरी. पहिल्या सोमवारी मी तोंड खाली घालून गेलो. दुसऱ्या सोमवारपासून इस्त्रीचा शर्ट घालून जातो. जे केलं ते सांगून झालंय, आता मान खाली कशाला? कॉलनीत दोघा-तिघांनी बोलणं टाकलं. बाकीचे विचारतात, म्हणून मी सांगतो. सगळं सांगतो. साईट, चिठ्ठी, आधार. गेल्या महिन्यात ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत उभा राहून सांगितलं. पांडुरंगाच्या देवळामागच्या जोशीकाकांनी तिथेच मोबाईल काढला आणि म्हणाले, "माझीही ऑर्डर गेली आहे हो." लगेच कॅन्सल केली. बटण त्यांना सापडेना, म्हणून मी दाबलं.

तपासणीचा रिपोर्ट आला. पाकिटावर जे नाव छापलं होतं ते औषध गोळीत निम्मंही नव्हतं. वर दुसरंच काहीतरी मिसळलेलं, झोप आणणारं. दोन वर्षांपासून आग होती, आणि शेवटचे पाच महिने मी तिला काय देत होतो ते मलाच माहीत नव्हतं. डॉक्टरांनी, तेच आधीचे, मोजून देणारे, मला समोर बसवून सांगितलं, "ह्या एकदम बंद करायच्या नसतात. आधी माझ्याकडे का नाही आलात?" मी म्हटलं, "लाज." ते म्हणाले, "लाजेवर माझ्याकडे औषध नाही. काकूंच्या त्रासावर आहे."

तीन आठवडे फार वाईट गेले. तिला हुडहुडी भरायची, भर दुपारी गोधडी मागायची, पाय एका जागी ठरायचे नाहीत. तरी एकदाही म्हणाली नाही की त्या गोळ्या आणून द्या. डॉक्टरांनी स्वतःच्या चिठ्ठीवर खऱ्या गोळ्या देऊन त्या कमी करत करत नेल्या. आता दुसरं औषध आहे, नसेचं. आग पूर्ण गेली नाही. पण परवा ती शेजारणीबरोबर चालत सोमेश्वरच्या देवळात जाऊन आली. दत्तू, मी आयुष्यात बरीच कामं चोख केली असतील. पण आमच्या घरातलं सगळ्यात अवघड काम वत्सलाने केलं. हे मी कोणालाही सांगतो, सोमवारी चौकीतल्या हवालदारालासुद्धा सांगितलं.

एक गोष्ट मला सृष्टी मॅडमकडून कळली. तुझा जबाब झाला तेव्हा साहेबांनी तुला विचारलं, तुमचं आधार वापरलं म्हणून चंदरविरुद्ध वेगळी तक्रार द्यायची का. तू म्हणालास, "नाही." त्यांनी कारण विचारलं. तू म्हणालास, "कारण लिहायला पाहिजेच का?"

मी ते वाक्य घरी येऊन वत्सलाला सांगितलं. ती उठली. स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सुरू होता.

निकिताचा अर्ज पुन्हा चालू झाला असं वाल्मीक म्हणतो. खरं असू दे.

चंदर


सातपूर
१८ नोव्हेंबर २०२४

दत्तू,

कोर्टात मी गुन्हा कबूल केला. वय, पहिलाच गुन्हा, आपणहून पुढे आलो, हे सगळं मॅडमनी मांडलं. दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे दिवसभर तिथेच बाकावर बसायचं. वत्सलाने डबा आणला होता, पण आत नेऊ देईनात, म्हणून तिनेही खाल्लं नाही. पाच वाजता न्यायाधीश उठले आणि माझी शिक्षा संपली. वाल्मीकला नुसता दंड. दारात म्हणाला, "चंदर, आपल्या दोघांना एकदम सुट्टी कधी मिळाली होती रे?"

माझ्या नावापुढे आता कोर्टाची नोंद आहे. तुझ्या नावापुढे काही नाही. निकालाची नक्कल मी तीनदा वाचून खात्री केली. तिची झेरॉक्स सोबत जोडतोय, गावात कोणाला दाखवायची असेल तर दाखव.

आता जे लिहायला बसलोय ते.

गुरुवारी आम्ही दोघं देवळ्याला आलो होतो. तू बाजार समितीत गेलेला, असं नंतर कळलं. खरं सांगायचं तर तू नसशील असा दिवस मी वाल्मीककडून विचारून घेतला होता. निकिताचं दुकान वत्सलाला बघायचं होतं. स्टँडवरून चालत गेलो. पाटी छान आहे. तिचं नाव, खाली तिचा रजिस्ट्रेशन नंबर, सगळं ठसठशीत.

दुकानात गिऱ्हाईक होतं. मी बाजूला थांबलो. वत्सला काउंटरवर गेली आणि चिठ्ठी पुढे केली. हिची नसेची गोळी संपत आली होती, म्हटलं, आमची पहिली खरेदी तिच्याकडेच. निकिताने "काकू!" म्हणून हात धरला, पाणी दिलं, आणि चिठ्ठी वाचून परत ठेवली.

"काकू, ही ऑगस्टची आहे. डॉक्टरांनी तीन महिन्यांची लिहिलीय. ते संपले. ह्याच्यावर मला देता येणार नाही."

वत्सला म्हणाली, "अगं, मी काय परकी आहे?"

"परक्या असतात तरी दिल्या नसत्या," निकिता म्हणाली. "तुम्हाला तर अजिबात नाही."

दत्तू, मी पाच पावलांवर उभा होतो. असंच उत्तर सातपूरच्या त्या पोराने मला ऐकवलं होतं तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. तुझ्या पोरीच्या तोंडून ऐकलं आणि माझा ऊर भरून आला. नातं बाजूला ठेवून तिने चिठ्ठी वाचली. तारीख वाचली. आणि नाही म्हणाली.

पण नाही म्हणून थांबली नाही. दुकान मदतनीस बाईच्या हवाली केलं, "मी येईपर्यंत चिठ्ठीचं काही देऊ नका" असं बजावलं, वत्सलाला स्कूटीवर बसवलं आणि सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडे घेऊन गेली. अर्ध्या तासाने नवी चिठ्ठी घेऊन दोघी परत आल्या. मग गोळ्या दिल्या, बिलावर वत्सलाचं नाव, डॉक्टरचं नाव, बॅच नंबर, सगळं लिहिलं. नाव 'वत्सला'च लिहिलं.

मी तेव्हा पुढे झालो. तिने मला पाहिलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता बोलणार, आणि बोलायचा तिला हक्क आहे. तिचं दुकान माझ्यामुळे पाच महिने उशिरा उघडलं.

बाजूला एक आजोबा खोकल्याचं औषध घ्यायला उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून तिला विचारलं, "हाऊ कोन शे, ताई?"

निकिता म्हणाली, "हे चंदूकाका, आजोबा. बाबांचे दोस्त. बाबांचं नाव अडकलं होतं ना, ते सोडवायला स्वतः जाऊन उभे राहिले ते हेच. पोलीस यांच्या दारात आलेही नव्हते, तरी गेले."

मी तिला यातलं काही सांगितलेलं नाही. वत्सलानेही नाही, मी गाडीत विचारलं. वाल्मीक तुमच्या घरी जात नाही. माझी पत्रं तुझ्याच नावाने येतात.

मग हे तिला घरी कोणी सांगितलं, दत्तू? आणि 'बाबांचे दोस्त' हे कोणी सांगितलं?

उत्तर लिहू नकोस. मला मिळालं.

चंदू